जुनी जन्मनोंद शोधायची आणि वाचायची कशी: मर्ल ओबेरॉनचं उदाहरण

पडद्यावरचं नाव घेऊन नोंद शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. हॉलिवूडची मर्ल ओबेरॉन १९ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईत जन्मली ती एस्टेल मर्ल थॉम्पसन म्हणून. प्रसिद्धीसाठी मात्र तिचा जन्म टास्मानियात झाल्याचं सांगितलं जाई. कागद का नाहीत, तर आगीत जळाले!

जुन्या नोंदवहीत बाळाच्या नावाची जागा अनेकदा कोरी असते, कारण बारशाआधीच जन्माची वर्दी, म्हणजे खबर, दिलेली असते. म्हणून शोध आई-वडिलांच्या नावावरून घ्या. सांगितलेल्या सालाच्या मागची-पुढची दोन वर्षंही तपासा. आडनावाची स्पेलिंगं आधीच लिहून ठेवा: थॉम्पसनमधला ‘पी’ कधी असतो, कधी गळतो.

मुंबईत अर्ज करायचा तो जन्म ज्या वॉर्डात झाला तिथल्या महापालिका कार्यालयात, घर असलेल्या वॉर्डात नव्हे. इथेच बहुतेकांची पहिली फेरी फुकट जाते. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ खाली नोंदीचा शोध मागता येतो. नोंद सापडली नाही तर तसं लेखी घ्या, तोंडी ‘नाही’ पुढे कुठेच चालत नाही.

ख्रिस्ती कुटुंब असेल तर बाप्तिस्म्याची वही पाहा. ब्रिटिश अमदानीत चर्चच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. मुंबई इलाख्याच्या नकला ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ या मालिकेत आहेत. आगीची गोष्ट कानावर आली की पहिला प्रश्न हाच: नक्कल कुठे आहे?

आता वाचन. तारीख आणि ठिकाण सहसा भरवशाचं, पालकांची नावं म्हणजे वर्दी देणाऱ्याचं म्हणणं. त्यामुळे माहिती देणाऱ्याचा रकाना आधी वाचा. दुरुस्तीचा शेरा समासात असतो, सहीतारखेसह. नुसता टंकलेला दाखला घेतलात तर हा शेरा हातून निसटू शकतो, म्हणून मूळ पानाची प्रत मिळते का ते विचारा.

मर्लला शार्लट सेल्बीची मुलगी म्हणून वाढवलं गेलं आणि कॉन्स्टन्स तिची बहीण समजली जाई. कॉन्स्टन्सचा मुलगा हॅरी सेल्बी याने मुंबईतून दाखला मिळवला, तेव्हा कॉन्स्टन्स हीच मर्लची आई असल्याचं उघड झालं. तो मर्लचा भाचा नव्हे, सावत्र भाऊ निघाला. इथे कागदाला वजन आहे, कारण तो घरच्यांनी जगाला सांगितलेल्या गोष्टीच्या विरुद्ध जातो. अब्रू झाकणारी नोंद संशयाने वाचावी, अब्रू उघडी पाडणारी खोटी लिहायला कोणाला फारसं कारण नसतं.

तरी एका कागदावर थांबू नका. दोन्ही बायकांच्या जन्मनोंदी काढून बाळंतपणाच्या वेळची वयं मांडा. मर्लच्या जन्मावेळी कॉन्स्टन्स अल्पवयीन होती, आणि नातं लपवण्याचं कारण तिथेच दिसतं. वडिलांच्या बाबतीत कागद याहून लंगडा: बाळंतपण कोणाचं झालं हे शेजारीही सांगतील, बाप कोण हे वर्दी देणाराच सांगतो.