वीरगळ वाचायचा तर खालून सुरुवात करा

एसटीत मी कंडक्टर होतो. मुक्कामी गाडी असली की पहाटे उठून मारुतीच्या देवळामागं हौदावर तोंड धुवायला जायचं. तिथं दोन-चार कोरीव दगड हमखास भिंतीला टेकलेले असायचे. कितीतरी वर्षं मी त्यांच्यावर टॉवेल वाळत घातला. ‘गळ’ म्हणजे कन्नडातला ‘कल्लु’, दगड. आणि लढून मेलेल्याचा दगड तो वीरगळ, हे फार उशिरा कळलं.

आधी वेळ गाठा. सकाळी सात-साडेसात, नाहीतर उन्हं उतरताना. तिरप्या उन्हात झिजलेली रेघसुद्धा सावली टाकते, भर दुपारी नुसता धोंडा दिसतो. अंधाऱ्या देवळात असेल तर मोबाइलची बॅटरी समोरून मारू नका, दगडाच्या कडेला धरून आडवी मारा. जवळ मऊ ब्रश, टेप आणि वही असली की पुरे. खडू मात्र नको. एकदा मी हौसेनं रेघा खडूनं उजळल्या आणि ढालीच्या कडेचं धनुष्य करून बसलो. फोटो चार जणांना पाठवलाही होता.

आता वाचन. गाडीत मागून पुढं तिकिटं फाडत यावं तसं खालच्या चौकटीपासून वर यायचं. तळाशी वीर आडवा पडलेला असतो. शेजारी गायी कोरल्या असतील तर त्यानं गोधन राखताना जीव दिला असं धरा. वाघ असेल तर शिकारीत किंवा जनावराशी झुंजताना गेला. त्यावरच्या चौकटीत लढाई असते, आणि तिथं घाई करू नका. नाव बहुतेक दगडांवर नसतंच, म्हणून माणूस कोण ते इथंच शोधायचं: हातात तलवार-ढाल की धनुष्य, पायी की घोड्यावर, केस अंबाड्यात बांधलेले की मोकळे, समोर किती जण. कोरणाऱ्यानं शत्रू लहान आणि आपला गडी मोठा काढलाय का, तेही बघा. त्याहून वर अप्सरा त्याला हात धरून नेतात. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला असतो आणि माथ्याला चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याचं नाव. (नाव कोरलेलं नाही हे सोडून.)

जहाजं बघायची असतील तर मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरला जा. तिथल्या वीरगळांवर वल्ही मारणाऱ्यांच्या रांगा आहेत. देवगिरीचा यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात १२६५च्या सुमारास झालेल्या झुंजीशी बरेच अभ्यासक ते जोडतात. घाटावरच्या गायी आणि कोकणातली गलबतं एकाच चौकटीच्या साच्यात बसवलेली बघितली की कुठल्या मुलखाला कशाचा अभिमान होता ते कळतं.

घोटाळा दोन ठिकाणी होतो. कोपरात वळलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा. गाढव आणि बाई कोरलेली असेल तर ती गधेगळ. दान दिलेली जमीन बळकावणाऱ्याला घातलेली शिवी. चंद्र-सूर्य तिच्यावरही असतात, म्हणून नुसता माथा बघून निकाल देऊ नका.

शेंदूर लावलेला असेल तर खरवडू नका. आतली लढाई लपली तरी चालेल. गावानं त्या गड्याचा म्हसोबा केलेला असतो. पुरंदरच्या बाजूला अशाच एकाला मी टेप लावायला गेलो, तर नारळ घेऊन आलेल्या आजीनं आधी चपला काढायला लावल्या. “मापं कशाला रं देवाची?” म्हणाली. सांगितलं, हा कुणीतरी लढून मेलेला माणूस आहे. “मंग तर घेच,” म्हणत टेपचं खालचं टोक तिनंच धरलं. उंची ३ फूट ४ इंच.