अभिजात ब्रिटिश लघुकथेचे परीक्षण कसे लिहावे

लघुकथेचे परीक्षण कादंबरीच्या परीक्षणासारखे लिहायला गेले की ते हटकून फसते. कादंबरीचे कथानक चार परिच्छेदांत सांगितले तरी वाचकासाठी पुष्कळ काही शिल्लक राहते. आठ-दहा पानांच्या कथेचे कथानक सांगून टाकले, तर मूळ कथा उघडण्याचे कारणच उरत नाही. म्हणून काय घडले यापेक्षा, ते घडवून आणण्याची तयारी लेखकाने कुठे आणि किती आधीपासून केली होती, हे दाखवणे परीक्षकाचे खरे काम आहे. ही तयारी पहिल्या वाचनात सहसा लक्षात येत नाही, त्यामुळे कथा दोनदा वाचण्याला पर्याय नाही.

वाचनापूर्वी संहिता तपासून घ्यावी. चार्ल्स डिकन्स, डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज किंवा ‘साकी’ या टोपणनावाने लिहिणारे एच. एच. मन्रो यांच्या कथांवरील स्वामित्वहक्क संपलेला असल्याने त्या प्रोजेक्ट गुटेनबर्गसारख्या संकेतस्थळांवर मूळ स्वरूपात मोफत मिळतात. शालेय वापरासाठी सोप्या व संक्षिप्त केलेल्या आवृत्तीवरून परीक्षण लिहू नये, कारण संक्षेप करताना कात्री नेमकी त्या बारीकसारीक वाक्यांवर चालते ज्यांच्यावर कथा उभी असते. संग्रहाची प्रस्तावनाही आधी वाचू नये. प्रस्तावनाकार शेवट सांगून मोकळे होतात.

पहिले वाचन एका बैठकीत आणि हाती पेन्सिल न घेता करावे. दुसऱ्या वाचनात मात्र प्रत्येक पानावर एकच प्रश्न विचारावा: हे वाक्य इथे कशासाठी आहे? साकी यांच्या ‘द ओपन विंडो’ या कथेत मनाच्या विश्रांतीसाठी खेडेगावात आलेला फ्रॅम्टन नटेल एका अनोळखी घरी भेटीला जातो आणि यजमानीणबाई खाली येईपर्यंत त्यांची पंधरा वर्षांची भाची व्हेरा त्याच्याशी बोलत बसते. इथे तुमच्या ओळखीचे फारसे कोणी नाही ना, आणि बाईंविषयीही तुम्हाला तसे काहीच ठाऊक नाही ना, अशी चौकशी ती करते. पहिल्या वाचनात हे शिष्टाचाराचे बोलणे वाटते, तर दुसऱ्या वाचनात याच दोन प्रश्नांवर सारी कथा तोललेली आहे हे कळते. परीक्षणात या प्रश्नांकडे बोट दाखवावे आणि तिथेच थांबावे. ज्याने कथा वाचली आहे त्याला एवढे पुरते, आणि ज्याने वाचलेली नाही त्याचा आनंदही हिरावला जात नाही.

जेकब्ज यांची १९०२ सालची ‘द मंकीज पॉ’ (माकडाचा पंजा) ही कथा भयकथा म्हणून प्रसिद्ध असली, तरी तिची सुरुवात बुद्धिबळाच्या पटावर होते. वादळी रात्री व्हाइट पिता-पुत्र शेकोटीजवळ खेळत आहेत. वडील आपला राजा विनाकारण संकटात घालतात, चूक ध्यानात येते तेव्हा उशीर झालेला असतो, आणि मुलाच्या नजरेस ती पडू नये म्हणून ते बाहेरच्या वाऱ्याचा विषय काढतात. पुढे जे घडते त्याचा आराखडा या चार ओळींत आहे. माझ्या मते माकडाच्या पंजापेक्षा हा बुद्धिबळाचा डाव अधिक कसबी आहे, आणि याच कथेत फाटकाशी तीनदा घुटमळून चौथ्यांदा आत येणारा अनोळखी गृहस्थ शेवटच्या प्रसंगाहून अधिक धास्ती निर्माण करतो. असे मत परीक्षकाने नि:संकोचपणे मांडावे. कथा अभिजात म्हणून गणली जाते एवढ्यावरून तिचा प्रत्येक भाग सारख्याच तोलाचा ठरत नाही.

काळाचा संदर्भ द्यावा, पण तो मोजका असावा. डिकन्स यांची ‘द सिग्नल-मॅन’ ही कथा १८६६ साली ‘ऑल द इयर राउंड’ या त्यांच्याच साप्ताहिकाच्या ख्रिसमस अंकात आली. आपल्याकडे दिवाळी अंकासाठी खास कथा लिहिल्या जातात, तशाच तिथे ख्रिसमसच्या अंकासाठी भुताच्या गोष्टी लिहिल्या जात. त्याच्या आदल्या वर्षी, ९ जून १८६५ रोजी, स्टेपलहर्स्ट येथील रेल्वे अपघातातून डिकन्स स्वतः बचावले होते. ही माहिती एका वाक्यात सांगावी. अपघात झाला म्हणून कथा सुचली, असे समीकरण मांडू नये. त्यापेक्षा कथेच्या आरंभाकडे लक्ष वेधावे: निवेदक वरच्या कड्यावरून हाक मारतो, आणि रेल्वेचा कर्मचारी आवाजाच्या दिशेने वर न पाहता वळून लोहमार्गाकडे पाहतो. तो तसे का करतो, हे शेवटपर्यंत वाचल्यावरच उमगते.

या कथांमधील हिंदुस्थानाविषयी मराठी परीक्षकाने जरूर लिहावे. जेकब्ज यांच्या कथेतील पंजा एकवीस वर्षे हिंदुस्थानात काढलेला सार्जंट-मेजर घेऊन येतो आणि त्यावर मंत्र घातलेला असतो एका फकिराने. साकी यांच्या कथेतही अगदी शेवटी गंगेचा काठ अचानक अवतरतो. दोन्हीकडे हा देश म्हणजे तपासता न येणाऱ्या गोष्टींचा सोयीस्कर पुरवठादार आहे. मात्र साकी यांनी ही सवय थट्टेसाठी वापरली आहे, तर जेकब्ज यांनी ती गंभीरपणे घेतली आहे. हा फरक नोंदवणे हे साम्राज्यवादाचा ठरीव निषेध करण्यापेक्षा किंवा काळच तसा होता असे म्हणून सोडून देण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

प्रत्यक्ष लिहिताना कथानकाला एका परिच्छेदापेक्षा अधिक जागा देऊ नये, आणि तेही कथेच्या पहिल्या एक-तृतीयांश भागापर्यंतच सांगावे. अवतरण एक-दोन ओळींचे असावे व त्याचा अनुवाद स्वतः करावा. शेवटाची चर्चा अटळच असेल, तर तशी सूचना आधी स्पष्ट द्यावी. संपूर्ण संग्रहाचे परीक्षण असेल, तर प्रत्येक कथेवर दोन-दोन वाक्ये वाटत बसण्यापेक्षा तीन कथा निवडून त्यांच्याविषयी नीट लिहावे, त्यातील एक न जमलेली असावी, आणि वाचलेल्या आवृत्तीचे नाव व साल आरंभीच द्यावे.