मोडलेल्या जर्मन जिल्ह्याचा माग कसा काढायचा: ओस्टरोडेचा दाखला

माझ्या आजेसासूबाईंनी जन्मात घर बदललं नाही. लग्नानंतर आजेसासरेच घरजावई होऊन त्या घरात आले. तरीही त्यांच्या पत्र्याच्या डब्यात तीन कागद होते आणि तिन्हींवर जिल्हा वेगळा होता. १९३१ च्या जन्मदाखल्यावर होहेनश्टाइन, १९५३ च्या लग्नाच्या कागदावर ओस्टरोडे आम हार्त्स (म्हणजे हार्त्स डोंगराकाठचं ओस्टरोडे) आणि २०१७ च्या कचऱ्याच्या बिलावर ग्योटिंगन. गाव तेच, बाड झाक्सा. घरही तेच.

लेकीसाठी वंशावळ मांडायला बसले तेव्हा याच तीन कागदांनी मला अडवलं. ते कोडं सुटायला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत जी पद्धत हाताला बसली ती इथे सांगते. ज्यांची सासर-माहेरची मुळं जर्मनीत आहेत, किंवा ज्यांना एखाद्या विसर्जित जर्मन जिल्ह्याचा इतिहास नीट समजून घ्यायचा आहे, त्यांना ती कामी येईल. उदाहरण सगळीकडे ओस्टरोडेचंच घेते, कारण आता मी तिथेच राहते आणि त्या जिल्ह्यावर माझा जीव आहे.

आधी ‘लांडक्राइस’ म्हणजे काय ते पक्कं करून घ्या. आपण त्याला जिल्हा म्हणतो, पण आकाराने तो आपल्या तालुक्याच्या जवळ जातो. ओस्टरोडे जिल्हा होता ६३६ चौरस किलोमीटरचा आणि शेवटी लोकसंख्या होती ७३ हजारांच्या आसपास. गाडीची नोंदणी, कचरा, बांधकाम परवाने, बालकल्याण ही कामं लांडक्राइसची. म्हणूनच त्याचं नाव माणसाच्या रोजच्या कागदांवर सतत येतं आणि माग काढायला इतकं उपयोगी पडतं. एक बारीक खूण लक्षात ठेवा: ‘लांडक्राइस’ हा शब्द देशभर सरसकट १९३९ पासून आला. त्याआधीच्या प्रशियाच्या, म्हणजे त्या जुन्या जर्मन राज्याच्या, कागदांवर नुसतं ‘क्राइस’ दिसेल. कागदावर तारीख नसेल तर एवढ्यावरूनही काळाचा अंदाज बांधता येतो.

आता पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. जिल्ह्याच्या नावापासून सुरुवात करू नका, गावापासून करा. जिल्हा हे एक गाठोडं आहे, ते केव्हाही सोडून पुन्हा बांधलं जातं. गाव मात्र जागेवर राहतं. कोऱ्या कागदावर डावीकडे गावाचं नाव लिहा आणि उजवीकडे वर्षांच्या चौकटी आखा. प्रत्येक चौकटीत एकाच प्रश्नाचं उत्तर भरायचं: या वर्षी हे गाव कुणाचं होतं?

मी नेमकं उलट केलं होतं. ‘ओस्टरोडे जिल्हा’ एवढंच लिहून एका अभिलेखागाराला पत्र पाठवलं. सहा आठवड्यांनी उत्तर आलं ते पूर्व प्रशियातल्या ओस्टरोडेबद्दल! ते गाव आज पोलंडमध्ये आहे, ओस्त्रुदा नावाचं. त्याचाही याच नावाचा जिल्हा होता, १९४५ पर्यंत. शिवाय त्या पूर्वेकडच्या ओस्टरोडेतून निर्वासित झालेल्यांचं पालकत्व हार्त्सच्या ओस्टरोडेने युद्धानंतर घेतलं, त्यामुळे दोन्हींची कागदपत्रं शोधताना एकमेकांत मिसळून समोर येतात. तेव्हा शेपूट कधीही गाळू नका: ‘आम हार्त्स’ पूर्ण लिहा. एल्बिंगेरोडेचंही तसंच. एक आपल्या जिल्ह्यातलं हाटोर्फजवळचं छोटं गाव, दुसरं हार्त्सच्या पूर्वेकडचं, आज झाक्सन-आनहाल्ट राज्यातलं. हेर्त्सबेर्ग नावाचं शहर ब्रांडेनबुर्गमध्येही आहे.

गाव पक्कं झालं की १९१२ चा मायर्सचा गावकोश उघडा. तो आता संगणकावर शोधता येतो. प्रत्येक गावापुढे त्या वेळचं राज्य, क्राइस आणि ‘ष्टांडेसआम्ट’, म्हणजे जन्म-मृत्यू-लग्नाची नोंद करणारी कचेरी, हे सगळं आखूड अक्षरांत दिलेलं असतं. जर्मन साम्राज्य ऐन भरात असतानाचं हे चित्र आहे. तिथून मागेही जाता येतं आणि पुढेही.

मागे गेलात तर हार्त्सची ही दक्षिण-पश्चिम कड ग्रुबेनहागेन या छोट्या संस्थानाची होती. वेल्फ घराण्याची ती शाखा १५९६ मध्ये निर्वंश झाली. हेर्त्सबेर्गचा गढीवजा राजवाडा त्यांचा, अजून उभा आहे. नेपोलियनच्या काळात १८०७ ते १८१३ इथे वेस्टफालिया नावाचं राज्य होतं आणि ओस्टरोडे त्याच्या हार्त्स विभागातल्या एका जिल्ह्याचं ठाणं होतं. हा काळ थोडक्यात उरकला तरी चालतो, पण एखादा कागद अचानक फ्रेंच वळणाचा दिसला तर दचकू नका. मग हानोवरचं राज्य आलं. १८६६ मध्ये प्रशियाने ते गिळलं. प्रशियाने लगेच सगळं मोडलं नाही. हानोवरची जुनी ‘आम्ट’ ही ठाणी जवळजवळ दोन दशकं चालू राहिली. क्राइस ओस्टरोडे खऱ्या अर्थाने कारभाराला लागला तो १ एप्रिल १८८५ ला. त्यामुळे १८८५ च्या आधीचा कागद शोधताना जिल्ह्याच्या नावाखाली काही मिळणार नाही. आम्टचं नाव शोधा.

आता शिवण पाहू. माझा सगळ्यात आवडता भाग हाच. विसर्जित जिल्हा समजून घ्यायचा तर त्याचे तुकडे कुठे जोडलेत ते बोटाने चाचपून पाहावं लागतं. ओस्टरोडेला अशा तीन मोठ्या शिवणी आहेत.

पहिली १९४५ ची. बाड झाक्सा आणि शेजारचं टेटेनबोर्न ही गावं प्रशियाच्या झाक्सन प्रांतातली. त्यांचा जिल्हा ग्राफशाफ्ट होहेनश्टाइन, ठाणं नोर्डहाउझेन, वरची कचेरी एरफुर्टला. नोर्डहाउझेन सोव्हिएत ताब्यात गेलं, पण ही दोन गावं जुलै १९४५ मध्ये ब्रिटिश बाजूला आली आणि ओस्टरोडेला जोडली गेली. आजेसासूबाई तेव्हा चौदा वर्षांच्या. त्या सांगायच्या की एका उन्हाळ्यात मावशीचं गाव ‘पलीकडे’ झालं. मी तेव्हा ते नुसतं ऐकून घेत असे. नकाशावर रेघ मारली तेव्हा कळलं की पलीकडे म्हणजे किती पलीकडे. त्याच रेघेवर पुढे पूर्व आणि पश्चिम जर्मनीची कुंपणाची सीमा आली. त्या गावांचे १९४५ आधीचे वरच्या कचेरीचे कागद म्हणूनच हानोवरच्या अभिलेखागारात मिळत नाहीत. एरफुर्टच्या प्रशियन कारभाराचं दप्तर आज थ्युरिंगियात, गोथाच्या राज्य अभिलेखागारात आहे. माझं दुसरं पत्र बरोबर तिथे गेलं.

दुसरी शिवण ब्राउनश्वाइगची. वाल्केनरीड, वीडा, त्सोर्गे ही गावं प्रशियाची कधीच नव्हती. ती ब्राउनश्वाइगच्या सरदारकीतली, ब्लांकेनबुर्ग जिल्ह्यातली. १९४५ मध्ये ब्लांकेनबुर्ग शहरासकट मोठा भाग सोव्हिएत बाजूला गेला आणि पश्चिमेला उरलेली मोजकी गावं ‘उरलेला जिल्हा’ म्हणून ब्राउनलागेहून चालवली गेली. १९७२ च्या फेररचनेत तोही मोडला आणि वाल्केनरीडचा पट्टा ओस्टरोडेला आला. ११२७ मध्ये स्थापन झालेला वाल्केनरीडचा सिस्टरशियन मठ, जो २०१० पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, तो अशा रीतीने ओस्टरोडे जिल्ह्यात जेमतेम ४४ वर्षं होता. जिल्ह्याच्या माहितीपत्रकात मठाचा फोटो पहिल्या पानावर असायचा. त्यात गैर काही नाही, पण मठाचे जुने कागद ओस्टरोडेत शोधू नका. वोल्फेनब्युटेलला जा. नीडरझाक्सन राज्याच्या अभिलेखागाराची ब्राउनश्वाइगचं दप्तर सांभाळणारी शाखा तिथे आहे.

तिसरी शिवण बाड ग्रुंडची. ती एकाच नगरपालिकेत पाहायला मिळते म्हणून मला विशेष प्रिय. आजच्या बाड ग्रुंडमध्ये पाच जुनी गावं आहेत. त्यांतलं आइसडोर्फ जुन्या हानोवरचं. गिट्टेल्डे, बाडेनहाउझेन आणि विंडहाउझेन ब्राउनश्वाइगची, गांडर्सहाइम जिल्ह्यातली. आणि स्वतः ग्रुंड हे वरच्या हार्त्समधलं खाणगाव, त्सेलरफेल्ड जिल्ह्यातलं. तिथली ‘हिल्फे गोटेस’ ही खाण मार्च १९९२ मध्ये बंद झाली, वरच्या हार्त्समधली शेवटची धातूची खाण. १९७२ मध्ये या सगळ्यांची मोट बांधून एक ‘जाम्टगेमाइंड’ केला, म्हणजे गावं आपापली राहिली पण कचेरी एक झाली. २०१३ मध्ये त्यांची एकच नगरपालिका झाली. पाच गावं, तीन वारसे. तिथे एखाद्या आजोबांचा शोध घ्यायचा तर आधी त्यांचं घर ओढ्याच्या कुठल्या काठाला होतं हेसुद्धा विचारावं लागतं.

रचना लिहून काढताना सगळ्या गावांची बेरीज केली की झालं असं समजू नका. शेवटच्या काळात जिल्ह्यात बाड ग्रुंड, बाड लाउटरबेर्ग, बाड झाक्सा, हेर्त्सबेर्ग आणि ओस्टरोडे होते. शिवाय दोन जाम्टगेमाइंड होते: वाल्केनरीडचा, त्यात वाल्केनरीड, वीडा, त्सोर्गे; आणि हाटोर्फचा, त्यात हाटोर्फ, एल्बिंगेरोडे, ह्योर्डेन, वुल्फ्टेन. यांच्यापलीकडे एक मोठा भाग कुठल्याच गावाचा नव्हता. ते हार्त्सचं जंगल, ‘गेमाइंडेफ्राय’, म्हणजे कुठल्याही नगरपालिकेत नसलेलं, निर्मनुष्य. तो तुकडा विसरलात तर क्षेत्रफळ कधीच जुळणार नाही. माझा एक अख्खा रविवार त्यात गेला.

सह्या वाचताना आणखी एक गोष्ट. युद्धानंतर ब्रिटिशांनी इथे आपली पद्धत बसवली. लांडराट हा निवडलेला मानद अध्यक्ष आणि प्रत्यक्ष कारभार ‘ओबरक्राइसडिरेक्टोर’ या अधिकाऱ्याकडे. म्हणून १९६० च्या परवान्यावर लांडराटची सही नसेल तर कागद खोटा ठरत नाही.

नोंदी मागताना मुदती माहीत हव्यात. प्रशियात नागरी नोंदणी १ ऑक्टोबर १८७४ ला सुरू झाली, उरलेल्या साम्राज्यात १ जानेवारी १८७६ ला. जन्माची नोंद ११० वर्षं, लग्नाची ८०, मृत्यूची ३० वर्षं ष्टांडेसआम्टमध्ये राखीव असते. तोवर ती थेट वंशजांना मिळते, नंतर ती अभिलेखागारात जाते आणि कुणालाही पाहता येते. आजेसासूबाईंची जन्मनोंद २०४१ पर्यंत राखीव आहे, म्हणून अर्ज माझ्या नवऱ्याने केला. त्यांच्या आईवडिलांचं १९२९ चं लग्न मात्र मी स्वतः पाहू शकले. त्याहून जुन्यासाठी चर्चची पुस्तकं, आणि चर्चच्या सीमा जिल्ह्याबरोबर हलत नाहीत. जुन्या ब्राउनश्वाइगी गावांची पुस्तकं ब्राउनश्वाइगच्या चर्चकडे शोधा, हानोवरच्या नव्हे.

जुनं हस्ताक्षर शिकायला घाबरू नका. कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत ‘ए’ (e) आपल्याला ‘एन’सारखा (n) दिसतो आणि ‘उ’वर (u) छोटी चंद्रकोर असते. ही दोन अक्षरं ओळखता आली की गावांची नावं उलगडू लागतात. मी रोज रात्री एक ओळ वाचायची. तिसऱ्या महिन्यात ‘टेटेनबोर्न’ न अडखळता वाचलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

शेवट कसा झाला तेही नोंदवा. ओस्टरोडे जिल्ह्याची लोकसंख्या घटत होती आणि तिजोरीवर कर्ज होतं. ओस्टरोडे, ग्योटिंगन आणि नोर्टहाइम या तीन जिल्ह्यांनी एकत्र येण्याची बोलणी झाली, नोर्टहाइम बाहेर पडलं आणि १ नोव्हेंबर २०१६ ला ओस्टरोडे ग्योटिंगनमध्ये विलीन झाला. नवी जिल्हा परिषद त्याच वर्षी ११ सप्टेंबरला निवडून आली होती. आकडेवारी शोधणाऱ्यांनी जिल्ह्याचा सांकेतिक क्रमांकही बदलावा: जुना ०३१५६, नवीन एकत्रित जिल्ह्याचा ०३१५९. ग्योटिंगनचा आधीचा ०३१५२ होता, तोही बंद झाला, त्यामुळे २०१६ आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवताना दोन्ही जुने जिल्हे मिळवून घ्या. गाड्यांवर मात्र ‘ओ-हा-आ’ ही ओस्टरोडेची अक्षरं अजून मिळतात. आमच्या गल्लीत बहुतेकांनी तीच घेतली आहेत. आम्हीही.

हे सगळं जमलं की एकच पान करा आणि ते फाइलच्या वर ठेवा. आमच्या फाइलवरचं असं आहे: बाड झाक्सा. १९३१, क्राइस ग्राफशाफ्ट होहेनश्टाइन, कागद गोथा. जुलै १९४५ पासून, लांडक्राइस ओस्टरोडे आम हार्त्स, कागद हानोवर. नोव्हेंबर २०१६ पासून, लांडक्राइस ग्योटिंगन. खाली लेकीने तिच्या अक्षरात घराचा क्रमांक लिहिला आहे, तो तिन्ही ओळींना एकच.