हीर आणि सुंभापासून डीएनएचं मॉडेल कसं बनवायचं

थर्मोकोल आणायला रत्नागिरीच्या बाजारात जायची काही गरज नाही, परसात माड असला की सामान घरचंच. झावळीचे २१ हीर, काथ्याच्या सुंभाचे ८० सेंटीमीटरचे दोन तुकडे आणि आधाराला बांबूची बारीक काठी (काठी फक्त आधाराला हां, खऱ्या डीएनएत मध्ये तसं काही नसतं).

स्केल १ नॅनोमीटर म्हणजे ५ सेंटीमीटर. डीएनएची रुंदी २ नॅनोमीटर म्हणून हीर १० सेंटीमीटरचे कापा. प्रत्येक हीर म्हणजे डीएनएतल्या बेसची एक जोडी (ए, टी, जी, सी हे ते चार बेस). तो अर्धा-अर्धा रंगवा, ए लाल तर टी पिवळा, जी हिरवा तर सी निळा, आणि ए समोर टीच, जी समोर सीच, यात गडबड अजिबात नको. मधे हायड्रोजन बंधांच्या (जोडीतल्या दोघांना धरून ठेवणाऱ्या दुव्यांच्या) काळ्या रेघा, ए-टीला २, जी-सीला ३.

आता मुख्य काम. काठीवर दर १.७ सेंटीमीटरला एक हीर मधोमध बांधत वर जा, प्रत्येक हीर आधीच्यापेक्षा साधारण ३४ अंश फिरवून, वरून बघताना घड्याळाच्या उलट, म्हणजे दहा-साडेदहा हिरांत एक वेढा पूर्ण होतो. मग टोकांना सुंभ बांधा, तो साखर-फॉस्फेटचा कणा. समोरून सुंभ डावीकडून उजवीकडे चढताना दिसला की पीळ बरोबर, नाहीतर सोडून परत बांधा. एका सुंभावर बाण वरच्या दिशेला आणि दुसऱ्यावर खालच्या दिशेला लावा, कारण डीएनएचे दोन धागे एकमेकांच्या विरुद्ध दिशेने जातात, हे बरेच जण विसरतात आणि तीच तर रचनेतली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे!

चार्टवर १९५३ मध्ये ही रचना मांडणाऱ्या वॉटसन-क्रिकसोबत रोझलिंड फ्रँकलिन यांचंही नाव लिहा, त्यांच्या एक्स-रे कामाशिवाय ही मापं जुळली नसती.