चालू सरासरी आणि प्रमाण विचलन: हिशेबात या चुका टाळा

दूध संकलन केंद्राच्या वहीतलं उदाहरण घेऊ. एका घरचं दूध चार दिवसांत १२, १५, १८ आणि ११ लिटर आलं. सरासरी १४, यावर कुणाचं दुमत नाही. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती विखुरलेत याचं माप, विचारलं की मात्र एकाचं उत्तर २.७४ येतं आणि दुसऱ्याचं ३.१६. आकडेमोड दोघांचीही बरोबर असते. सरासरीपासूनच्या फरकांचे वर्ग ४, १, १६ आणि ९, त्यांची बेरीज ३०. तिला ४ ने भागून वर्गमूळ काढलं की २.७४, ३ ने भागून काढलं की ३.१६.

बोलणं फक्त याच चार दिवसांपुरतं असेल तर ४ ने भागा. या चार दिवसांवरून त्या घरच्या दुधाचा एकूण अंदाज बांधायचा असेल तर ३ ने. पायथन या भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्यांना हा घोळ हमखास भोवतो, कारण आपण काही सांगितलं नाही तर तिथली हिशेबाची तयार साधनं वेगवेगळी वागतात: नमपाय ४ ने भागतं आणि पांडाज ३ ने! एकच यादी, एकच प्रोग्राम, दोन उत्तरं. एक्सेलमध्ये निदान सूत्राच्या नावातच खूण आहे: शेवटी ‘एस’ असेल तर एक वजा करून भागाकार, ‘पी’ असेल तर सरळ.

वर्गांची बेरीज साठवण्याचा मोह

आकडे एकेक करून येत असतील आणि सगळी यादी जपून ठेवायची नसेल, तर बहुतेक जण तीनच गोष्टी लिहून ठेवतात: किती आकडे आले, त्यांची बेरीज, आणि वर्गांची बेरीज. शेवटी वर्गांच्या सरासरीतून सरासरीचा वर्ग वजा करायचा. शाळेत शिकलेलं हे सूत्र कागदावर अगदी बरोबर आहे. संगणकावर ते दगा देतं.

करून बघा. दहा कोटी एक, दहा कोटी दोन, दहा कोटी तीन, असे तीन आकडे घ्या. फरक जेमतेम एकेकाचा, म्हणून एक वजा करून भागलं तर प्रमाण विचलन बरोबर १ यायला हवं. या सूत्राने येतं शून्य. कारण संगणकातल्या नेहमीच्या दशांश संख्येत १५-१६ अंकच नीट मावतात आणि या आकड्यांचे वर्ग १७ अंकी आहेत. शेवटचा अंक आधीच गळालेला असतो, आणि आपल्याला हवा असलेला फरक नेमका तिथेच असतो. कधी शून्याऐवजी ऋण संख्याही येते आणि वर्गमूळ काढताना प्रोग्राम आडवा पडतो.

दुधाच्या लिटरांत हे कधी दिसणार नाही, म्हणून चाचणीत सगळं छान चालतं. वेळेच्या नोंदी आल्या की बिंग फुटतं. संगणक १९७० पासूनचे सेकंद मोजतो, तो आकडा आज दहा अंकी आहे. एक्सेलच्या २००३ पूर्वीच्या आवृत्त्यांमध्येही हीच खोट होती, तेव्हा आपल्या हातून झाली तर फार लाजू नये.

तातडीचा उपाय म्हणजे प्रत्येक आकड्यातून पहिला आकडा वजा करून मग हिशेब करणं. सगळ्यांतून सारखंच वजा केलं तर विचलन बदलत नाही. पक्का उपाय वेलफर्ड नावाच्या संशोधकाने १९६२ साली मांडला. त्यातही तीनच गोष्टी साठवायच्या: संख्या, सरासरी, आणि फरकांच्या वर्गांची बेरीज. आपल्या दुधावरच चालवू.

पहिला आकडा १२: सरासरी १२, बेरीज ०.
१५ आला: जुन्या सरासरीपासून फरक ३. त्याला २ ने (आतापर्यंतचे आकडे दोन, म्हणून) भागून सरासरीत मिळवा, १३.५ झाली. नव्या सरासरीपासून फरक १.५. बेरजेत ३ × १.५ = ४.५ मिळवा.
१८ आला: जुना फरक ४.५, नवी सरासरी १५, नवा फरक ३. बेरीज ४.५ + १३.५ = १८.
११ आला: जुना फरक −४, नवी सरासरी १४, नवा फरक −३. बेरीज १८ + १२ = ३०.

वर हाताने काढलेलेच ३०. इथली नेहमीची चूक म्हणजे जुन्याच फरकाचा वर्ग करून मिळवणं. तसं केलं तर ३० च्या जागी ४५.२५ येतात, आणि आकडा इतका शहाण्यासारखा दिसतो की संशय येत नाही.

सरकत्या सात दिवसांची गंमत

सात दिवसांची सरकती सरासरी काढताना नवा आकडा मिळवायचा आणि आठवड्यापूर्वीचा वजा करायचा, ही युक्ती वेगवान आहे. पण यंत्राने एकदा जरी ‘संख्या नाही’ (NaN) अशी नोंद पाठवली, तर ती बेरजेत शिरते आणि पुन्हा निघत नाही. सात दिवसांनी खिडकी, म्हणजे मोजणीतले शेवटचे सात दिवस, स्वच्छ होते, बेरीज मात्र कायमची बाटलेली राहते. म्हणून नोंद आत घेण्यापूर्वीच तपासा, आणि अधूनमधून बेरीज नव्याने करा. सात आकड्यांच्या बेरजेला संगणकाला असा काय वेळ लागतो?

आलेखातही एक फसगत आहे. सात दिवसांची सरासरी शेवटच्या दिवसावर मांडली तर ती तीन दिवस मागची गोष्ट सांगत असते.

सरासरीची सरासरी

सकाळी १० लिटर दूध ४.० फॅटचं, संध्याकाळी ४० लिटर ३.५ चं. दिवसाचं फॅट ३.७५ लिहिणारे कमी नाहीत. खरं आहे ३.६, कारण लिटरांचा भार धरायला हवा. दोन केंद्रांच्या प्रमाण विचलनांची सरासरी काढणं तर त्याहून वाईट. दोन्ही केंद्रांच्या सरासरींमधलं अंतर त्यात कुठेच येत नाही.

रिकामी चौकट आणि शून्य

स्प्रेडशीटची सरासरी रिकामी चौकट सोडून देते, शून्य मात्र मोजते. दूध घातलंच नाही की नोंद राहिली, हे आधी ठरवा, मग शून्य लिहा. मजकूर म्हणून बसलेला आकडाही गुपचूप वगळला जातो. चौकटीत डावीकडे चिकटलेला आकडा दिसला की तिथे बोट ठेवा. नोंदी देवनागरी अंकांत असतील तर पायथन ‘१२’ ला बिनतक्रार बारा समजतो, पण प्रत्येक स्प्रेडशीट तेवढी समजूतदार असेलच असं नाही.