बाहेर जाणाऱ्या एपीआय कॉलचं लॉगिंग : लाइव्ह जाण्याआधी

पेमेंट असो की एसएमएस, दुसऱ्याच्या एपीआयवर (त्यांच्या सर्व्हिसला आपल्या कोडमधून बोलवायची सोय) चालणारं ॲप लाइव्ह करायच्या आधी बाहेर जाणारे कॉल लॉग होतील, म्हणजे फाइलमध्ये नोंदले जातील अशी सोय करून ठेवा. काही बिनसलं की समोरची सपोर्ट टीम आधी हेच विचारते, नक्की काय पाठवलंत आणि किती वाजता? तेव्हा शोधाशोध नको.

उदाहरणाला पायथनची, असे कॉल करणारी रिक्वेस्ट्स लायब्ररी घेऊ. कोडभर विखुरलेले कॉल एकाच फंक्शनमधून जातील असं करा, म्हणजे लॉग लिहायची जागा एकच राहील. मग काय झाकायचं ते ठरवा, आणि इथे अजिबात घाई करू नका. ऑथरायझेशन हेडर (कॉलसोबत टोकन नेणारी ओळ), कुकी, ओटीपी, ग्राहकाचा मोबाइल नंबर, यातलं काहीही लॉगमध्ये दिसता कामा नये. रिक्वेस्ट्स आतून जी लायब्ररी वापरते त्या यूआरएललिब३ चा डीबग लॉग चालू केला की क्वेरीसकट अख्खा पाथ छापला जातो, त्यामुळे यूआरएलमधून एपीआय की (गुप्त किल्ली) जात असेल तर तीही उघडी पडते. लपवायच्या हेडरपेक्षा दाखवायच्या हेडरची यादी करा. उद्या कुणी नवीन हेडर जोडलं तरी ते झाकलेलंच राहील.

बॉडी, म्हणजे कॉलमधून पाठवलेला मजकूर, आपल्या डिक्शनरीवरून लिहू नका. रिस्पॉन्सच्या आत प्रत्यक्ष गेलेली रिक्वेस्ट असते, तिच्यातली घ्या. जेसनच्या जागी चुकून डेटा हे पॅरामीटर वापरलं असेल, तर तिथे कंसांऐवजी 'अमाउंट=५००' अशी फॉर्मची ओळ दिसते आणि समोरचा ४०० (रिक्वेस्ट चुकीची) का देतोय ते लगेच कळतं. रिस्पॉन्समधली हिस्टरी, म्हणजे वाटेतल्या रीडायरेक्टची यादीही नोंदवा, कारण ३०२ (दुसऱ्या पत्त्यावर जा) आला की पोस्ट केलेला कॉल गेट होऊन बॉडीशिवाय पुढे जातो.

रिस्पॉन्सवरचं 'इलॅप्स्ड' फक्त हेडर येईपर्यंतचाच वेळ सांगतं. मोठी फाइल उतरवत असाल तर वेळ स्वतः मोजा. टाइमआउट द्याच, तो न दिल्यास रिक्वेस्ट्स स्वतःहून थांबत नाही. कॉल अडकला तर रिस्पॉन्स हुकपर्यंत (उत्तर आल्यावर आपोआप चालणारं फंक्शन) गाडी पोचतच नाही, म्हणून एक ओळ पाठवण्याआधी आणि एक एक्सेप्शनमध्येही लिहा, दोन्हींत तोच रिक्वेस्ट आयडी घालून. वेळ यूटीसीमध्ये ठेवा. लॉग रोटेशन लावा, म्हणजे फाइल फुगत न जाता जुनी बाजूला होऊन नवी सुरू होईल.

शेवटी मुद्दाम चुकीचं टोकन देऊन पाहा, नेट बंद करून पाहा. मग खऱ्या टोकनने एक कॉल करा आणि ते टोकन लॉग फाइलमध्ये ग्रेप करा (ग्रेप कमांडने शोधा). एक जरी ओळ सापडली तरी लाइव्ह जाऊ नका.