डॅटसन बी-२१०: इंजिन तापलं की आयडलवर बंद पडणं (माझा अनुभव)

गाडी जुनी जपानी, तिच्यात १,३९७ सीसी ए-१४ इंजिन आणि हिताची कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग). थंड इंजिन चोकवर (थंडीत जास्त पेट्रोल देणारी सोय) नीट चालायचं, तापल्यावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की, म्हणजे आयडलवर (इंजिन नुसतं चालू असताना), बंद. १,५०० आरपीएमच्या वर मात्र कुठलीच तक्रार नाही.

प्लग, पॉइंट बदलले, फ्लोटची (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलची) पातळी तपासली, फरक शून्य. आयडल स्क्रूने आरपीएम वाढवून बंद पडणं लपतं, दोष जात नाही. अक्षरशः जीव मेटाकुटीला आला होता.

खरी खूण मिक्स्चर स्क्रूने (आयडलला पेट्रोल कमी-जास्त करणारा स्क्रू) दिली: तो कितीही फिरवला तरी आवाज बदलत नव्हता. म्हणजे आयडलच्या मार्गात पेट्रोलच येत नव्हतं. त्या मार्गावर आयडल सोलेनॉइड (विजेवर उघडणारी छोटी झडप) असतो. करंट मिळाला नाही की त्याची सुई मार्ग बंद करते.

आधी इग्निशन ऑन करून सोलेनॉइडची वायर काढा-लावा, 'टक' आवाज यायला हवा. व्होल्टेज वायर जोडलेली असतानाच मोजा. सुटी वायर १२ व्होल्ट दाखवायची, जोडली की ७. कनेक्टर आतून हिरवा पडला होता. तो कापून नवा क्रिंप केला (दाबून बसवला). मग इंजिन थंड असताना, बॅटरी काढून सोलेनॉइड उघडला, सुई आणि सीट कार्ब क्लीनरने धुतली, नवा वॉशर घालून बसवला.

शेवटी मिक्स्चर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत (जोर दिला तर टोकाला खाच पडते), तिथून दोन फेरे बाहेर. तापलेल्या इंजिनवर तो फिरवत आरपीएम सर्वात जास्त मिळेल तिथे थांबा, मग आयडल स्क्रूने आयडल ७०० आरपीएमवर आणा.